असिस्टेड लिव्हिंग केंद्र निवडताना: कागद, रात्रपाळी आणि करार

“लायसन्स आहे ना?” असं विचारलं की “हो, सगळं रजिस्टर्ड आहे,” असं उत्तर हमखास येतं. ते खोटं असतंच असं नाही, पण त्यातून काही कळतही नाही. राहणं, जेवण आणि रोजच्या कामांत मदत देणाऱ्या खासगी केंद्राला महाराष्ट्रात हॉस्पिटलसारखा एकच स्वतंत्र परवाना नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, त्यात अशा केंद्रांच्या सक्तीच्या नोंदणीची तरतूद होती. ते मंजूर न होताच बारगळलं. त्यामुळे ‘रजिस्टर्ड’ म्हणजे कुठे धर्मादाय आयुक्तांकडची नोंद, कुठे नर्सिंग होमचं प्रमाणपत्र, तर कुठे नुसती शॉप अ‍ॅक्टची पावती.

म्हणून इथे परवाना एक नाही, कागद पाच-सहा मागायचे. आणि ते वाचायचे आपल्या माणसाच्या गरजेशी ताडून. जो माणूस स्वतः हिंडतो-फिरतो त्याच्यासाठी नर्सिंग होमची नोंदणी नसलेलं केंद्रही उत्तम असू शकतं. ज्याच्या नाकात नळी आहे त्याच्यासाठी तेच केंद्र धोक्याचं. सुरुवात त्यामुळे केंद्रांच्या यादीने नको, घरातूनच करावी.

आधी गरज कागदावर उतरवा

सहा गोष्टी लिहा: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाऊन येणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि हाताने जेवणं. वृद्धांच्या देखभालीत वापरली जाणारी कॅट्झची मोजपट्टी हीच. प्रत्येकासमोर तीनपैकी एक लिहायचं: स्वतः करतात, कोणीतरी जवळ उभं लागतं, की दुसऱ्यालाच करावं लागतं. या नोंदी घरात प्रत्यक्ष सेवा करणाऱ्या माणसाने लिहाव्यात, मग ती सून असो, मुलगी असो की दिवसाची बाई. रविवारी भेटायला येणाऱ्या मुलाच्या लेखी बाबा “तसे धडधाकट” असतात. एक आठवडा नोंद ठेवा, आणि त्यात रात्र सोडू नका. किती वाजता उठतात, किती वेळा बाथरूमला जातात, तेव्हा हाक मारतात की एकटेच निघतात? दिवसा स्वावलंबी आणि रात्री पूर्ण परावलंबी अशी माणसं पुष्कळ असतात, आणि केंद्राचं शुल्क ठरताना नेमकी हीच बाब राहून जाते.

एक सोपी चाचणी घरीच होते. खुर्चीत बसलेल्या माणसाला उठून तीन मीटर चालायला, वळून परत यायला आणि पुन्हा खुर्चीत बसायला सांगा. काठी वापरत असतील तर काठीसह. कोणीतरी शेजारून चालावं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. हा आकडा आणि गेल्या वर्षभरात कितीदा पडले हे केंद्राला सांगायचं. लपवू नका. “आमचे आजोबा अगदी फिट आहेत” असं सांगून प्रवेश घेतला की दुसऱ्याच आठवड्यात ‘वाढीव देखभाल’ म्हणून बिल वाढतं, किंवा “आमच्याकडे हे जमणार नाही, घेऊन जा,” असा फोन येतो. त्या फोनवर भांडायला तुमच्याकडे काही उरत नाही, कारण फॉर्मवर चुकीची माहिती तुमच्याच सहीची असते.

यादी तयार झाली की कुठल्या प्रकारची जागा हवी ते दिसू लागतं. सहाही कामं स्वतः करणाऱ्यांना सीनियर लिव्हिंगचा फ्लॅट किंवा चांगला वृद्धाश्रम पुरतो. दोन-तीन कामांना मदत लागत असेल तर असिस्टेड लिव्हिंग. बहुतेक कामं दुसऱ्यालाच करावी लागत असतील किंवा नळी, ट्रॅकिओस्टोमी (श्वासासाठी गळ्यात केलेलं छिद्र), वारंवार सक्शन (यंत्राने कफ ओढून काढणं) असं काही असेल, तर चोवीस तास नर्स असलेलं नर्सिंग केंद्र. शेवटच्या आजारात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी शुश्रूषा, तो वेगळा विषय. पाट्यांवर मात्र विसंबू नका. ‘वृद्धाश्रम’ लिहिलेल्या ठिकाणी अंथरुणाला खिळलेली वीस माणसं असतात आणि ‘प्रीमियम असिस्टेड लिव्हिंग’मध्ये रात्री एक वॉचमन.

कोणते कागद मागायचे

संस्था कोण चालवते हे पहिलं. ट्रस्ट असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खालची नोंदणी आणि परिशिष्ट १ चा उतारा मागा. ट्रस्टच्या कामात बोलताना त्याला ‘पीटीआर उतारा’ म्हणतात. विश्वस्तांची नावं त्यावर असतात. समोर बसून पैशांचं बोलणारी व्यक्ती त्या यादीत नसेल, तर ती कोणाच्या अधिकाराने सही करते ते विचारा. कंपनी किंवा भागीदारी असेल तर तिची नोंदणी, आणि जागा भाड्याची असल्यास भाडेकराराची मुदत. भाड्याच्या बंगल्यात चालणारी केंद्रं मालकाने जागा मागितली की महिन्याभरात हलतात, आणि ८५ वर्षांच्या माणसाला असं हलवणं सोपं नसतं.

दुसरा कागद महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायदा १९४९ खालचा. आजारी, जखमी किंवा वार्धक्याने दुबळ्या झालेल्या माणसांना ठेवून जिथे उपचार आणि शुश्रूषा दिली जाते, त्या जागेला हा कायदा लागतो. केंद्र इंजेक्शन, सलाइन, कॅथेटर (लघवीची नळी), राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) हे सगळं आपल्याकडेच करतो म्हणत असेल आणि नर्सिंग होमची नोंदणी नसेल, तर दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत. प्रमाणपत्रावर पत्ता, खाटांची संख्या आणि मुदत पाहा. पत्ता शेजारच्या हॉस्पिटलचा निघतो, असंही होतं. खात्री करायची तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागात आणि बाहेर जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे चौकशी करता येते.

तिसरा अग्निसुरक्षेचा. हा कागद लोक सर्वांत कमी मागतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते ‘फॉर्म बी’. तुम्ही ऑक्टोबरात गेलात तर जुलैचा फॉर्म बी दिसला पाहिजे. २०१९ ची जुनी एनओसी फ्रेम करून लावलेली असेल तर त्यावरून आजचं काही कळत नाही. कागद पाहून झाला की भिंतीवरच्या अग्निशामकाची पट्टी वाचा, पुढच्या तपासणीची तारीख तिच्यावर असते. मग जिन्याचं दार उघडून बघा. तिथे गाद्या आणि व्हीलचेअर रचून ठेवलेल्या असतील तर फॉर्म बी असूनही उपयोग नाही. चालता न येणाऱ्यांना वरच्या मजल्यावर ठेवलं असेल तर लिफ्ट बंद पडल्यावर त्यांना खाली कसं आणणार, हेही विचारा.

स्वयंपाकघरासाठी एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक. १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर लहान व्यवसायाची नोंदणी. डबा बाहेरून येत असेल तर डबेवाल्याचा क्रमांक. जिथे सुया आणि ड्रेसिंग होतात तिथे जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या अधिकृत केंद्राशी केलेला करार हवा. त्याची झटपट परीक्षा अशी: इन्सुलिनची वापरलेली सुई कुठे टाकता ते दाखवायला सांगा. पांढरा, न टोचला जाणारा झाकणाचा डबा निघाला तर ठीक. ओल्या कचऱ्याची बादली किंवा पाण्याची रिकामी बाटली पुढे आली तर बाकीचे नियमही तसेच पाळले जात असणार. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी सर्वांची झाली आहे का, की फक्त कायम असलेल्यांची, हेही इथेच उरकून घ्या. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून बदलीवर येणारे कर्मचारी बहुधा या पडताळणीतून सुटतात.

कागद दाखवायला खळखळ करणाऱ्या केंद्राबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: पुढे जाऊ नका. प्रत देणार नाही असं म्हणणं समजू शकतं, पण दाखवणारच नाही हे नाही.

रात्री अडीच वाजता कोण जागं असतं?

पाहणीला पहिल्यांदा वेळ घेऊन जा, सकाळी अकराच्या सुमारास. तेव्हा आंघोळी झालेल्या असतात, फरशी पुसलेली असते, व्यवस्थापक मोकळे असतात. दुसरी फेरी न सांगता, संध्याकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान, शक्यतो रविवारी. बऱ्याच ठिकाणी बारा तासांच्या पाळ्या असतात आणि आठला बदलतात. पाळी बदलताना दिवसाची मावशी रात्रीच्या मावशीला काही सांगते का, वहीत लिहिते का, की पर्स उचलून सरळ निघते, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

माणसं किती हे विचारताना एकूण आकडा घेऊ नका. “स्टाफ पंचवीस आहे” यात स्वयंपाकी, ड्रायव्हर, माळी सगळे आले. या मजल्यावर, रात्री अडीच वाजता, जागं कोण असतं? नाव सांगा, आणि गेल्या महिन्याचा ड्युटी चार्ट दाखवा.

हिशेब करून बघा. मजल्यावर वीस रहिवासी आहेत, त्यांतले सहा पूर्ण अंथरुणाला खिळलेले. पाठीला जखम होऊ नये म्हणून त्यांना साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, आणि त्याच वेळी डायपर बघायचा. एकेकाला दहा मिनिटं धरली तर एका फेरीला एक तास गेला. वजनदार माणसाला वळवायला दोघं लागतात. म्हणजे रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात दोन माणसं निम्मा वेळ फक्त या सहा जणांतच गुंतलेली. उरलेले चौदा जण बाथरूमला उठणार, पाणी मागणार, एखादा घाबरा होणार. मजल्यावर एकच मावशी असेल तर यातलं काहीतरी होत नाही, आणि जे होत नाही ते बहुधा कुशीवर वळवणं असतं, कारण त्याची तक्रार करायला ते माणूस बोलत नाही. परिणाम दोन-तीन आठवड्यांनी माकडहाडावर दिसतो.

कायद्याने ठरवलेलं प्रमाण खासगी केंद्रांना लागू नाही. आमचा अंदाज विचाराल तर थोडी मदत लागणाऱ्यांसाठी दिवसा सात-आठ जणांमागे एक मदतनीस आणि पूर्ण परावलंबी माणसांसाठी चौघांमागे एक, इतकं तरी असावं. रात्री मजल्यावर कितीही कमी रहिवासी असले तरी दोघं जागी हवीतच. एकटी मावशी पडलेल्या माणसाला उचलू शकत नाही, आणि त्याला तसंच ठेवून मदत आणायला जाऊही शकत नाही.

‘सिस्टर’ म्हणून ज्यांची ओळख करून देतात त्या सगळ्या नर्स नसतात. जीएनएम किंवा एएनएम झालेल्या परिचारिकेची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असते, तिचा क्रमांक मागता येतो. बाकीच्या प्रशिक्षित किंवा अप्रशिक्षित मदतनीस. त्यांचं काम मोलाचं आहेच, पण इन्सुलिनचा डोस ठरवणं किंवा नळी बदलणं हे त्यांचं काम नव्हे. डॉक्टर कधी येतात, आठवड्यातून कितीदा, आणि रात्री फोन केला तर उचलणारे कोण, हे नावानिशी लिहून घ्या.

बाथरूममध्ये टेप घेऊन जा

खोलीचे फोटो सगळ्यांचे चांगलेच असतात. तुम्ही मोजायचं ते दार: किमान ९०० मिलिमीटर, नाहीतर व्हीलचेअर हात खरचटल्याशिवाय जात नाही. मे २०२४ मध्ये महारेराने (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने) ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांतही दाराचं माप हेच आहे. ती नव्या गृहप्रकल्पांसाठी आहेत, तुमच्या समोरच्या जुन्या इमारतीला लागतीलच असं नाही, पण मोजपट्टी म्हणून उत्तम. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत उघडणारं असेल आणि आत माणूस पडला, तर त्याच्याच अंगाने दार अडतं. कमोडची बैठक जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटीमीटर, त्याच्या बाजूला भिंतीत पक्का बसवलेला दांडा. दांड्यावर स्वतःचं वजन टाकून बघा, कारण पोकळ भिंतीत दोन स्क्रूंवर लटकवलेले दांडे दिसायला छान असतात. टॉवेलचा दांडा म्हणजे आधाराचा दांडा नव्हे. उंबरा, बाथरूमच्या तोंडाशी असलेली दोन इंचांची पायरी, गुळगुळीत टाइल्स हे सगळं टिपून घ्या. उतार असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे सर्वमान्य प्रमाण. त्यापेक्षा उभा उतार मावशीला व्हीलचेअरसह एकटीला चढवता येत नाही.

कॉलबेल पलंगापाशी असते, कमोडपाशी नसते. हवी तिथे, आणि तिची दोरी जमिनीपर्यंत पोचणारी, म्हणजे खाली पडलेल्याला ओढता येईल. एक बेल दाबून घड्याळ लावा. व्यवस्थापक बरोबर असताना दोन मिनिटांत कोणी आलं नाही, तर रात्री येणार नाही.

वासाबद्दल थोडं. परावलंबी माणसं असलेल्या जागेत एखाद्या खोलीत लघवीचा वास येणं साहजिक आहे, त्या क्षणी कोणाचा तरी डायपर बदलायचा असतो. सगळ्या मजल्यावर मुरलेला वास, किंवा तो झाकायला मारलेला फिनाइल आणि रूम फ्रेशनरचा भपकारा, हे मात्र माणसं कमी असल्याचं लक्षण. अंगाला खाज येणारे बरेच रहिवासी दिसले तर खरुजेबद्दल थेट विचारा. सामूहिक राहण्यात ती झपाट्याने पसरते आणि एकट्यादुकट्याला मलम लावून जात नाही, सगळ्यांना एकाच वेळी औषध आणि चादरी-कपड्यांची धुलाई करावी लागते. आम्ही असं केलं, असं तारखेसह सांगणारं केंद्र “आमच्याकडे कधीच होत नाही” म्हणणाऱ्यापेक्षा भरवशाचं.

औषधं, जेवण, वीज

औषधांचा तक्ता मागून बघा. प्रत्येक रहिवाशाचा वेगळा कागद, त्यावर औषध, मात्रा, वेळ आणि दिल्यावर देणाऱ्याची सही. तुम्ही दुपारी चारला बघत असाल आणि रात्री नऊच्या रकान्यातही सह्या झालेल्या असतील, तर तक्ता औषध देताना भरला जात नाही, फाइल पूर्ण दिसावी म्हणून भरला जातो. न घेतलेल्या गोळीची नोंद कशी करता, हा दुसरा प्रश्न. महिनाभरात एकही गोळी कोणी नाकारली नाही असं होत नाही.

जेवणाचा मेनू भिंतीवर असतो, तुम्ही वेळ विचारा. संध्याकाळी साडेसहाला जेवण आणि सकाळी साडेआठला नाश्ता म्हणजे मधे चौदा तास पोट रिकामं. मधुमेही माणूस संध्याकाळी इन्सुलिन घेत असेल तर पहाटे साखर ७० च्या खाली जाऊ शकते, आणि झोपेत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. झोपण्यापूर्वी दूध-बिस्किटं देतात का, आणि रात्रपाळीला ग्लुकोमीटर वापरता येतो का? दात नसलेल्यांना मऊ भात आणि पातळ वरण रोज दोन वेळा मिळतं, त्यात प्रथिनं फारशी नसतात. अंडं, पनीर, मऊ उसळ, धिरडं यांतलं काय आणि कितीदा मिळतं ते स्वयंपाक्याला विचारा, व्यवस्थापकाला नको. चतुर्थी-एकादशीचा उपवास, मासे-मटण, कांदा-लसूण या बाबी क्षुल्लक वाटतात, पण सहा महिन्यांनी “मला इथे राहायचं नाही” म्हणण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

कर्जत, बदलापूर, पनवेल, तळेगाव या पट्ट्यात जागा मोठ्या आणि हवा चांगली, त्यामुळे केंद्रंही पुष्कळ. तिथे पावसाळ्यात एकदा जाऊन या. वीज किती तास जाते आणि जनरेटर कशाकशाला पुरतो? पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण साडेतीनशे वॅट खातो, दिवे-पंख्यापुरत्या छोट्या इन्व्हर्टरवर तो रात्रभर चालत नाही. राखीव बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर वायू असतो. मिनिटाला दोन लिटर लागत असेल तर साडेबारा तास, चार लिटर लागत असेल तर त्याच्या निम्मे. जवळचं, आयसीयू असलेलं हॉस्पिटल किती किलोमीटरवर यापेक्षा संध्याकाळच्या गर्दीत किती मिनिटांवर, हे स्वतः गाडीने जाऊन बघावं. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, पण तिच्याबरोबर बसून जाणारं माणूस केंद्राचं असेल का, ते आधी ठरवा.

स्मृतिभ्रंश असेल तर

डिमेन्शियाच्या माणसासाठी निकष बदलतात. फाटकाबाहेर निघून जाण्याचा धोका, संध्याकाळी वाढणारी अस्वस्थता, तीच गोष्ट वीसदा विचारणं याला कर्मचारी कसं सामोरं जातात ते संध्याकाळच्या फेरीत दिसतं. सगळे जण जेवणाआधीच झोपेच्या गुंगीत असतील तर शांतता औषधांची आहे. हात बांधून ठेवता का, हा प्रश्न संकोच न करता विचारावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९७ ने मानसिक आरोग्य संस्थांत एकट्याला कोंडून ठेवायला बंदी केली आहे, आणि बांधून ठेवणं दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हाच, नोंद ठेवून. स्वतंत्र डिमेन्शिया विभाग चालवणाऱ्यांना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केली आहे का हेही विचारा, उत्तर देतानाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

कुलमुखत्यारपत्राबाबत मोठा गैरसमज आहे. आईने मुलाच्या नावे केलेलं मुखत्यारपत्र आईची समज गेली की चालत नाही; करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारी तिथेच संपते. मग बँकेतले पैसे काढायला किंवा घर विकायला पालक म्हणून नेमणूक मिळवायला उच्च न्यायालयात जावं लागतं. निदान नुकतं झालं असेल आणि समज शाबूत असेल, तर संयुक्त खातं, नामनिर्देशन, मृत्युपत्र हे सगळं केंद्र शोधण्याआधी उरका.

पैसे

मासिक शुल्कात काय येत नाही ते लिहून मागा. डायपर, फिजिओथेरपी, ड्रेसिंग, ऑक्सिजन, लाँड्री, हॉस्पिटलला सोबत जाणाऱ्याचा भत्ता, स्वतंत्र मदतनीस हे बहुधा वरचे. रोज चार डायपर, एक ४० रुपयांना धरला तरी महिन्याला ४,८०० झाले. दरवर्षी किती वाढ? १० टक्के लिहिलं असेल तर आजचे ३०,००० पाच वर्षांनी ४८,३०० च्या घरात जातात. पेन्शन त्या गतीने वाढत नाही. ‘देखभालीची पातळी’ बदलली की शुल्क बदलतं, तर ती पातळी कोण ठरवणार आणि कशावरून? तुमची सहा कामांची यादी इथे कामाला येते, ती करारालाच जोडा.

आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेने साठीच्या पुढच्या रहिवाशाकडून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत घेतलेल्या शुल्कावर जीएसटी नाही. इतर ठिकाणी सांगितलेला आकडा करासह की कराविना, ते पाहा. मेडिक्लेम राहण्याचा खर्च देत नाही. सत्तरीपुढच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड (वर्षाला ५ लाखांपर्यंत) हेही हॉस्पिटलात भरती झाल्यावरचं. ते काढून ठेवावंच, मात्र केंद्राच्या बजेटात धरू नये. देणगीसाठी आग्रह होत असेल तर पावती कोणाच्या नावे आणि कशाबद्दल ते बघा. आणि घर किंवा ठेवी संस्थेच्या नावे करून ‘आजीवन सांभाळ’ घेण्याच्या भानगडीत वकिलाशिवाय पडू नका. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली परत मागता येते, पण ती अट कागदावर असेल तरच भांडण सोपं.

करारात कुठे थांबायचं

करार घरी आणून वाचायला मागा, दोन दिवस. पहिलं कलम शोधायचं ते बाहेर काढण्याचं. कोणत्या कारणांनी केंद्र रहिवाशाला ठेवायला नकार देऊ शकतं आणि किती दिवसांची नोटीस देऊन? “व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार” असं असेल तर ते वाक्य बदलून घ्या, आणि किमान ३० दिवस लिहून घ्या. दुसरं अनामतीचं: किती दिवसांत परत, त्यातून काय कापणार, मृत्यू झाल्यास कोणाला मिळणार. हॉस्पिटलात भरती असताना खोलीचं भाडं पूर्ण लागतं की कमी? मधल्या तारखेला सोडलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे? “कोणत्याही अपघातास संस्था जबाबदार नाही” हे वाक्य जवळजवळ सगळीकडे असतं. निष्काळजीपणाची जबाबदारी अशा एका ओळीने झटकता येत नाही, पण तिच्याशेजारी “पडल्यास किंवा तब्येत बिघडल्यास एका तासात कुटुंबाला कळवू” ही ओळ हाताने लिहून घ्यायला हरकत नाही.

मुलं परदेशात असतील तर केंद्र स्थानिक पालक मागतं. त्याची भूमिका नीट ठरवा: हॉस्पिटलात भरतीची सही तोच करणार का, अनामत कुठून भरणार, रात्री फोन आला तर पोचायला किती वेळ? दूरच्या नातेवाइकाचं नाव नुसतं भरून टाकलं तर ऐनवेळी तो फोन उचलत नाही. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथे अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी प्रमाणन शिक्का) लावून किंवा वकिलातीतून साक्षांकित करून घ्यावं लागतं, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत पुष्कळांची चुकते.

राहायला गेल्यावर

ज्यांना राहायचं आहे त्यांनी जागा पाहिलेली आणि होकार दिलेला असावा. “डॉक्टरांकडे जाऊ” म्हणून नेऊन सोडलेली माणसं जेवण सोडतात. पंधरा दिवस ते महिनाभराचं तात्पुरतं राहणं बरीच केंद्रं देतात, तेच आधी घ्या. सोबत द्यायचं ते: आधारची प्रत, डिस्चार्ज कार्डं, औषधांची आजची यादी, कशाची अ‍ॅलर्जी, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींची नोंद, चष्मा आणि कानाचं यंत्र नाव लावून. दागिने नकोत. कवळीच्या डबीवर नाव हवंच, ती अदलाबदल होते. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला कोण करून घेणार ते आत्ताच ठरवून टाका.

पहिल्या दिवशी वजन करून लिहून ठेवा आणि महिन्याने पुन्हा. महिन्यात ५ टक्के घट, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, ही डॉक्टरांना दाखवायची गोष्ट. बसून-झोपून असणाऱ्यांच्या टाचा आणि माकडहाड भेटीच्या वेळी स्वतः बघा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर जखम सुरू झाली आहे, त्वचा अजून फाटली नसली तरी. फोटो काढा, तारीख घाला, व्यवस्थापकांना त्याच दिवशी लेखी द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. तोंडी सांगितलेलं पाळी बदलली की विसरलं जातं.

तिथे दाद मिळाली नाही तर तक्रार कशाची आहे त्यावर दार ठरतं. ट्रस्टचा कारभार असेल तर धर्मादाय कार्यालय, उपचारांतली हयगय असेल तर नर्सिंग होमची नोंदणी देणारं आरोग्य खातं, अन्नाचं असेल तर अन्न व औषध प्रशासन, पैशांचं असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणं तिथेच चालतात. मारहाण, कोंडून ठेवणं असं काही दिसलं तर थेट ११२. आणि नेमकं कुठे जावं हेच सुचत नसेल तर ज्येष्ठांची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. ती भेट देण्याआधीही, त्या भागातल्या केंद्रांची चौकशी करायला वापरता येते.